एका दिवसात अलिबाग : समुद्रावर यायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

आम्ही अलिबागकर. मुंबई-पुण्याचे पाहुणे वर्षभर येत असतात आणि निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय. ग्रुपवर फॉरवर्ड करा, आईला वाचून दाखवा. आणि बाकी काही नाही वाचलंत तरी भरती-ओहोटीचा प्रश्न नक्की वाचा, कारण इथला दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो.

एका दिवसात खरंच होतं का? की धावपळच होते?

होतं, आरामात होतं. फक्त सकाळी लवकर निघायची तयारी पाहिजे आणि "सगळं बघू" हा हट्ट सोडायला पाहिजे. अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, जंजिरा हे सगळं एका दिवसात कोंबणारे लोक दिवसभर गाडीतच बसलेले असतात आणि समुद्र त्यांना खिडकीतून दिसतो. एक किनारा, एक किल्ला, एक पोटभर जेवण. एवढं ठरवलंत की मुलं पण खूश आणि गुडघेदुखीवाले पण खूश.

मुंबईहून कसं यायचं, बोट की गाडी?

पावसाळा नसेल आणि सामान कमी असेल तर डोळे मिटून बोट. गेटवेहून मांडव्याला पीएनपी, मालदार, अजंता अशांच्या बोटी सुटतात, तासाभरात मांडवा आणि पुढे अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात असते, त्यामुळे तिकीट फाडून फेकू नका, बसमध्ये चढताना लागतं. मांडवा ते अलिबाग साधारण वीस किलोमीटर आहे, रस्ता नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जातो, पाऊण तास धरून चाला. पहिल्या एक-दोन बोटींपैकी एखादी पकडलीत तर नाश्त्याच्या वेळेला तुम्ही अलिबागेत.

गाडीच हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, मार्च 2020 पासून चालू आहे, गाडी बोटीत चढवायची आणि आपण वर डेकवर जाऊन वारा खायचा. सुट्टीच्या दिवसांचं बुकिंग आधी करावं लागतं, ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

रस्त्याने यायचं तर पनवेल-पेण-वडखळ-अलिबाग. अटल सेतू जानेवारी 2024 ला सुरू झाल्यापासून मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालंय, पण वडखळच्या नाक्यावरची कोंडी आहे तशीच आहे. शनिवारी सकाळी आठनंतर तिथे पोचलात तर काय होईल ते सांगायला नको, त्यामुळे अंधारातच घर सोडा.

पुण्याहून?

खोपोली-पेण मार्गे साधारण एकशे चाळीस किलोमीटर, साडेतीन-चार तास. पाचला निघालात तर नऊला पाय पाण्यात. एसटी पण आहे, आणि अलिबाग स्टँडवरून समुद्र चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, रिक्षा नाही केली तरी चालतं. ट्रेन मात्र अलिबागपर्यंत येत नाही, जवळचं स्टेशन पेण.

भरती-ओहोटीचं एवढं काय आहे? समुद्र तर समुद्रच ना?

सगळा खेळ यावरच आहे, कारण समोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीलाच चालत जाता येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तास धरा. आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी मित्राने किल्ल्यावर चालत जाऊन फोटो टाकला म्हणून या रविवारी त्याच वेळेला तुम्हाला रस्ता उघडा मिळेलच असं अजिबात नाही, बहुतेक वेळा मिळत नाहीच.

आता ही वेळ काढायची कशी, तर आपल्याकडे जुना हिशोब आहे आणि त्याला इंटरनेट लागत नाही. कॅलेंडरवर तिथी बघा, तिला पाऊणाने गुणा, आली भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला उलटं, भर दुपारी बाराच्या सुमाराला भरती आणि ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, त्यामुळे अंदाज यावरून बांधा आणि पक्की वेळ टाइड टेबलवर किंवा मोबाईलमध्ये बघून घ्या.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना माहीत नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतं पण खूप आणि उतरतं पण खूप, मोठ्या उधाणाला मुंबईच्या बाजूला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. याच्या उलट अष्टमी-नवमी-दशमीच्या दिवसांत भांग असतो, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. म्हणजे भांगाच्या दिवसांत ओहोटीची वेळ दुपारची, सोयीची वाटते खरी, पण किल्ल्याच्या वाटेवर पूर्ण ओहोटीला पण गुडघाभर पाणी राहू शकतं.

मग कुठल्या तिथीला यायचं?

किल्ल्यावर चालतच जायचंय असं मनात असेल तर चतुर्थी-पंचमी बेस्ट, सकाळी नऊ-साडेनऊच्या आसपास ओहोटी, किल्ला आधी उरकायचा, मग जेवण, मग पाण्यात खेळणं. नाहीतर द्वादशी-त्रयोदशी, तेव्हा ओहोटी दुपारी तीन ते चार, म्हणजे आधी समुद्र आणि जेवण आणि शेवटी किल्ला. बोटीने येणाऱ्यांनी दुसरा पर्याय घेताना परतीची बोट डोक्यात ठेवा.

तिथी जुळत नसेल तर सहल रद्द करायची काही गरज नाही. भरतीच्या वेळेला किल्ल्यावर न्यायला बोटी असतात.

कुलाबा किल्ल्यावर बघण्यासारखं काय आहे? मुलं कंटाळतील का?

नाही कंटाळत, कारण जायची वाटच समुद्राच्या तळावरून आहे. वीस-पंचवीस मिनिटं ओल्या वाळूतून आणि खडकांवरून चालायचं, मध्ये मध्ये डबकी, त्यात छोटे मासे अडकलेले, आणि वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, अगदी कोणीतरी ठिपक्यांची रांगोळी काढून गेल्यासारखी. ते काम नखाएवढ्या खेकड्यांचं. वाळू तोंडात घेतात, त्यातलं खायचं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. दोन मिनिटं हलू नका, उकिडवे बसून राहा, बिळातून एकेक जण बाहेर यायला लागतो आणि कामाला लागतो. कोणी हात हलवला की सगळे एका झटक्यात गायब. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक लहान मुलाला मी आधी हे दाखवतो, किल्ला त्याच्यानंतर.

किल्ल्याचं सांगायचं तर बांधायला घेतला शिवाजी महाराजांनी, 1680 साली, आणि काम पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. तटाचे दगड जवळून बघा, मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असून. गणपतीचं देऊळ आहे, सिद्धिविनायक, राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेलं, अजून रोज पूजा होते. तटावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला ओतलेल्या, फोटो सगळे तिथेच काढतात पण मुलांना तोफेवर चढवू नका. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, किरकोळ आहे.

गावात कान्होजींची समाधी पण आहे, 4 जुलै 1729 ला ते गेले. बाजारात जाल तेव्हा पाच मिनिटं थांबून पाया पडून या. ज्यांनी हा किनारा राखला त्यांच्या गावात येऊन नुसती भजी खाऊन परत जाणं मला बरं वाटत नाही.

घोडागाडीने जावं का?

आजी-आजोबा असतील किंवा कडेवर बाळ असेल तर जरूर. पाणी थोडं असताना पण घोडागाडी जाते, मुलांना त्याचीच जास्त मजा वाटते. बसायच्या आधी भाव ठरवा आणि "जाऊन-येऊन" का फक्त "जाऊन" ते स्पष्ट विचारा, आणि परत न्यायला किती वाजता येणार ते गाडीवाल्या दादांकडून पक्कं करून घ्या. ते सांगतात ती वेळ पाळा. त्यांचं आयुष्य या पाण्यावर गेलंय, "अजून पाच मिनिटं, रील काढतोय" हे पाण्याला समजत नाही.

चालत जाणार असाल तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर या. पाणी समोरून येताना दिसतंच असं नाही, बाजूच्या खोलगट भागातून आधी भरतं.

पाण्यात कुठपर्यंत जायचं?

कमरेच्या खाली. पट्टीचे पोहणारे असाल तरी. तरणतलावात पोहणं वेगळं आणि इथे वेगळं.

पाणी उतरत असताना त्याला बाहेरची ओढ असते, पायाखालची वाळू सरकायला लागली की दोन पावलं मागे या. कधी प्रवाहाने खेचलंच तर त्याच्याशी भांडत सरळ किनाऱ्याकडे येऊ नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत जा, ओढ कमी झाली की मग आत वळा, आणि हात वर करून हाक मारा. जीवरक्षक शिट्टी वाजवत असतील तर ती तुमच्यासाठीच आहे असं समजा. दारू पिऊन पाण्यात जाऊ नका आणि जाणाऱ्याला जाऊ देऊ नका, मित्र रागावला तर रागावला.

पावसाळ्यात आलं तर?

या की, हिरवंगार असतं सगळं, पण पाण्यात उतरायचं नाही, नुसतं बघायचं. गेटवेच्या बोटी मेअखेरपासून बंद होतात त्या पाऊस कमी झाल्यावर चालू होतात, रो-रो हवामान बघून चालते. मासे पण जपून मागवा, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे ताटात आलेलं पापलेट ताजं असण्याची शक्यता कमी. खाडीतले मासे मिळतात, ते विचारून घ्या. आणि पावसाळ्यात ब्लूबॉटल नावाचे निळे फुगे किनाऱ्याला लागतात, दिसायला गोड असतात म्हणून मुलं उचलायला जातात, मेलेले असले तरी डंख बसतो. बसलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे कार्डाने किंवा चिमट्याने काढायचे आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवायचा. श्वासाला त्रास वाटला तर सरळ दवाखाना.

अलिबागचाच बीच की दुसरा कुठला?

अलिबागच्या चौपाटीची वाळू काळसर आणि घट्ट आहे, क्रिकेटला मस्त, किल्ला समोर, पण गर्दी पण तिथेच. शांत हवं असेल तर वरसोली जवळ आहे. नागाव आणि आक्षीला सुरूची बनं आहेत, सावलीत चटई टाकून पडायला त्याच्यासारखी जागा नाही, लहान मुलं-म्हातारी माणसं असतील तर मी आक्षीच सांगेन. आक्षी गावात एक जुना शिलालेख पण आहे, शके 934 म्हणजे इसवी सन 1012 चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या भाषेत दगडावर कोरून ठेवलंय आणि आपण त्याच्या बाजूने पॅरासेलिंगला जातो, एकदा थांबा तिथे.

किहीम मांडव्याकडून येताना वाटेत लागतं, झाडी खूप, पक्षी खूप. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास तिथेच केला, 1930 च्या सुमाराला. काशीदची वाळू पांढरी आणि फोटो भारी येतात, पण ते अलिबागच्या पुढे तीसेक किलोमीटर आहे आणि लाटांना जोर असतो. बोटीने येऊन एका दिवसात काशीद करू नका, गाडी असेल तर बघा.

कपडे काय घालायचे?

जीन्स सोडून काहीही. भिजली की वजन होतं, वाळत नाही, आणि परतीच्या बसमध्ये सीट ओली करता. सुती टी-शर्ट, शॉर्ट्स, लेगिंग्ज, आणि एक पूर्ण कोरडा जोड वेगळ्या पिशवीत.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल, खास करून किल्ल्यावर जाताना. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडच्या धारेच्या, अनवाणी पाय पडला की कापलाच, आणि साधी स्लीपर ओल्या वाळूत रुतून बसते.

वाळू अंगावरून जातच नाही, काय करायचं?

टाल्कम पावडर! ओल्या अंगावर नाही, आधी टॉवेलने टिपून कोरडं करा, मग पावडर लावून हलक्या हाताने झटका, सगळी वाळू गळून पडते. लहान मुलांच्या पायांना आणि मानेला हाच उपाय. अंघोळच हवी असेल तर वरसोली-नागावला बरीच घरगुती राहण्याची ठिकाणं दिवसापुरती रूम देतात, फ्रेश व्हायला आणि सामान ठेवायला, जेवणासकट सांगितलंत तर स्वस्त पण पडतं.

जेवण कुठे आणि काय?

घरगुती खानावळीत. आणि पोचल्या पोचल्या सांगून ठेवायचं, किती माणसं, किती शाकाहारी, किती वाजता. दुपारी दीडला जाऊन "पटकन वीस थाळ्या" म्हणालात तर वाट बघावी लागणार, कारण भाकऱ्या हातावर थापल्या जातात.

तांदळाची भाकरी, सुरमई किंवा बांगडा तळलेला, कोलंबीचं कालवण, सोलकढी. रायगडात जिताडा मासा मिळाला तर सोडू नका, आमच्याकडे खास पाहुणा आला की जिताडा आणतात. शाकाहारींनी तोंड पाडायचं कारण नाही, वालाचं बिरडं सांगा, उकडीचे मोदक आधी सांगितले तर मिळतात. थंडीत आलात तर पोपटी विचारा. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा, अंडी, चिकन असं भरतात, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. ती संध्याकाळची गोष्ट आहे त्यामुळे एका दिवसात जमवायची असेल तर गाडीनेच यावं लागेल. उन्हाळ्यात ताडगोळे, आणि शहाळं बाराही महिने.

वॉटर स्पोर्ट्स सेफ आहेत का?

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून, स्वतः ओढून बघून बसा. पट्टा तुटका असेल तर दुसरं मागा, लाजू नका. बनाना बोटवाले शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात, त्यातच मजा असते, पण ज्याला नको असेल त्याने बसायच्या आधी सांगायचं, ऐकतात. चष्मा, मोबाईल, बांगड्या काठावरच्या माणसाकडे.

गाडी वाळूवर नेली तर चालते का? सगळे नेतात.

नका नेऊ. ओहोटीला वाळू घट्ट वाटते म्हणून लोक खाली उतरवतात, चाक रुततं, आणि तोपर्यंत पाणी परत फिरलेलं असतं. मग गावातली पोरं दोर घेऊन धावतात. गाडीच्या इंजिनात खारं पाणी गेलं की काय खर्च येतो ते मेकॅनिकला विचारा. शिवाय ते मघाशी सांगितलेले खेकडे तिथेच राहतात.

बोटीवर सीगलला खायला घालायचं असतं ना?

थंडीत ते बोटीमागून येतात, फार सुंदर दिसतं, मान्य. पण कुरकुरे-शेव हे त्यांचं खाणं नाही, त्यांना मासे पकडता येतात. फोटो काढा, पुडी बॅगेतच ठेवा.

सूर्यास्त बघून निघता येतं का?

गाडीने आला असाल तर हो. बोटीने असाल तर सकाळी उतरल्या उतरल्या मांडव्याला शेवटची बोट किती वाजताची ते विचारा, आणि अलिबागहून मांडव्याची बस त्याच्या बरीच आधी सुटते हे विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहालाच बुडतो, तेव्हा काय ते वेळेचं गणित बसवून बघा. नाही जमलं तर परतीच्या बोटीतून बघा, गेटवेकडे जाताना डाव्या हाताला पश्चिम येते, तिकडची जागा धरा.

घरी न्यायला काय घ्यायचं?

फेब्रुवारी-मार्चपासून पुढे आलात तर पांढरा कांदा. अलिबागचा पांढरा कांदा, त्याला जीआय मानांकन पण मिळालंय, रस्त्याच्या कडेला वेण्या घालून टांगलेला असतो. तिखटपणा कमी, कच्चा खायला गोड, भाकरीबरोबर नुसता फोडून खावा. शक्यतो शेतकऱ्याच्या घरच्या माणसाकडून घ्या, मावशी बसलेल्या असतात, त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, ती वेणी घालायला हात दुखतात. घेताना पात पूर्ण वाळलेली आहे ना बघा, ओली असेल तर आतून सडतो. घरी गेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच बाहेर काढायची आणि वारा लागेल अशा ठिकाणी खिळ्याला टांगायची, लागेल तसा खालून एकेक कांदा तोडून घ्यायचा.